अफिलिएट वेबसाइटसाठी कमाईचा निश कसा निवडावा

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, विकत घेण्याआधी एक दिवस कागद-पेन घेऊन बसा. लोक ज्यावर भरपूर वाचतात आणि ज्यावर पैसे खर्च करतात, ते विषय बरेचदा वेगळे असतात. अफिलिएट साइट, म्हणजे दुकानांच्या लिंक देऊन त्यांवरून झालेल्या विक्रीवर कमिशन मिळवणारी साइट. तिला दुसऱ्या प्रकारचा विषय लागतो. ‘मोबाइल’, ‘स्वयंपाक’, ‘सौंदर्य’ हे निश नव्हेत, ते अख्खे बाजार आहेत. निश म्हणजे एका ठरावीक ग्राहकाची एका खरेदीआधीची अडचण. इथे उदाहरणादाखल घरघंटी घेऊ.

पहिली यादी आणि काटछाट

तुम्ही वापरलेल्या किंवा घरात, शेजारी, नातेवाइकांकडे हाताळता येतील अशा पंधरा-वीस वस्तू लिहा. त्यातून वजन कमी करण्याच्या गोळ्या, औषधं आणि शेअर्सचा सल्ला लगेच काढून टाका. आरोग्य आणि पैसा या विषयांत गूगल लेखकाची विश्वासार्हता जास्त कडक तपासतं, आणि सेबीच्या नोंदणीशिवाय गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय करणं बेकायदेशीर आहे. नवशिक्याने या वाटेला जाऊच नये. ज्या वस्तूचा फोटो स्वतः काढता येणार नाही, तीही काढा. कंपनीच्या पानावरून उचललेल्या माहितीने आज कुणाचं पान वर येत नाही.

खरेदीचे प्रश्न शोधा

गूगलच्या चौकटीत ‘घरघंटी’ लिहून थांबा, खाली येणाऱ्या सूचना उतरवून घ्या. मग ‘कोणती चांगली’, ‘किंमत’, ‘तोटे’, ‘वीज किती लागते’ हे शब्द जोडून पुन्हा पाहा. ‘घरगुती पिठाची गिरणी’, ‘आटा चक्की’ आणि रोमन लिपीत टाइप केलेली घरघंटी, हे तिन्ही तपासा. मराठी माणूस तिन्ही तऱ्हांनी शोधतो. ‘घरघंटीचा शोध कोणी लावला’ विचारणारा वाचून निघून जातो. ‘एक एचपीच्या घरघंटीत थालीपिठाची भाजणी दळता येते का’ विचारणाऱ्याच्या हातात पाकीट असतं. असे किमान तीस प्रश्न निघाले नाहीत तर निश फार अरुंद आहे. तेव्हा मिक्सर, ओला ग्राइंडर जोडून ‘घरगुती दळण-वाटण यंत्रं’ एवढा रुंद करा आणि डोमेनचं नावही तसंच ठेवा. डोमेनमध्ये कुठल्याही कंपनीचं नाव नको.

एखादा शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो, ती शोधसंख्या पाहायला गूगल कीवर्ड प्लॅनर हे गूगलच्या जाहिरातदारांसाठीचं साधन वापरा, ठिकाण महाराष्ट्र ठेवा. तुमची गूगलवर जाहिरात चालू नसेल तर तो ‘१०० ते १ हजार’ असे ढोबळ पट्टे दाखवतो. हिशेबात खालचा आकडा धरा. गूगल ट्रेंड्समधला ० ते १०० हा आकडा शोधसंख्या नसतो, तो त्या काळातल्या सर्वोच्च टोकाच्या तुलनेत असतो. त्याचा उपयोग हंगाम ओळखायला. कूलर उन्हाळ्यापुरता चढतो, म्हणजे त्याचे लेख डिसेंबर-जानेवारीतच तयार हवेत.

हिशेब

खालचे दर मोजणीपुरते धरलेले आहेत. कमिशनचा खरा दर त्या त्या प्रोग्रामच्या, म्हणजे दुकानाच्या कमिशन योजनेच्या, तक्त्यात पाहा. महिन्याला ६०० वाचक, त्यांतले पाचात एक लिंकवर जातात म्हणजे १२०, त्यांतले शंभरात दोन विकत घेतात. साधारण अडीच ऑर्डर. घरघंटीची करांशिवाय १५,००० रुपये किंमत आणि ५ टक्के कमिशन धरलं तर ऑर्डरमागे ७५०, महिन्याला सुमारे १,८००. आता २५० रुपयांचं मोबाइल कव्हर घ्या. ८ टक्क्यांनी वीस रुपये सुटतात. स्वस्त वस्तू पटकन घेतली जाते म्हणून शंभरात पाच खरेदी धरली, तरी तेवढ्याच कमाईला ९० ऑर्डर आणि ९,००० वाचक लागतात.

पण महाग वस्तूत एक मोठी मेख आहे, आणि बहुतेक निश इथेच फसतात. अ‍ॅमेझॉनच्या लिंकची मुदत २४ तासांची असते. घरघंटी घेणारा माणूस आज वाचतो, घरी विचारतो, दुकानात जाऊन आवाज ऐकतो आणि पंधरा दिवसांनी घेतो. तोवर तुमची लिंक विझलेली असते. वस्तू २४ तासांत कार्टमध्ये टाकली गेली तर मात्र पुढची खरेदी साधारण तीन महिन्यांपर्यंत तुमच्या खाती धरली जाते. म्हणून ‘घरघंटी म्हणजे काय’पेक्षा दोन मॉडेलच्या तुलनेचं पान आधी लिहा, तिथे येणारा निर्णयाच्या टोकाशी असतो.

सोबत हेही तपासा, की लोक ही वस्तू ऑनलाइन घेतात का. दुरुस्तीच्या भीतीने गावातल्या दुकानातूनच घेत असतील, तर शोध कितीही असोत, कमिशन शून्य. वस्तूखालचे अलीकडचे अभिप्राय वाचा. महिन्यात नवे अभिप्राय पडत नसतील तर तिथे विक्री नाही. ‘फुटकी आली’, ‘जाळी मिळत नाही’ अशा तक्रारी दिसल्या तर त्याच तुमच्या लेखाचे विषय. तक्रारी फारच असतील तर वस्तू सोडा, कारण परत केलेल्या मालाचं कमिशन मिळत नाही.

स्पर्धा

ब्राउझरची खाजगी (इन्कॉग्निटो) खिडकी उघडून तुमचे पाच मुख्य प्रश्न शोधा. पहिल्या दहांत सगळी दुकानं आणि उत्पादक असतील तर प्रश्न बदला. जुनी पानं, प्रश्नोत्तरांच्या साइट, विषयाला बगल देणारे लेख दिसले तर जागा आहे. एकही अफिलिएट साइट न दिसणं ही आनंदाची बाब समजू नका. आधी तिथे पैसा आहे का ते पाहा.

एकाच प्रोग्रामवर विसंबू नका. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनने फर्निचरवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं आणि त्यावर उभ्या साइट एका फटक्यात आडव्या झाल्या. त्याच वस्तूसाठी दुसरा प्रोग्राम नसेल तर तो निश यादीत खाली ढकला.

निवडलेल्या निशवर आधी दहाच लेख टाका: सहा खरेदीचे, चार वापरातल्या अडचणींचे. प्रत्येक पानावर लिंकच्या वरच ‘या लिंकवरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळतं’ असं स्पष्ट मराठीत लिहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा आर्थिक संबंध उघड करणं आवश्यक आहे. चार महिन्यांनी सर्च कन्सोल, म्हणजे तुमची पानं गूगलवर कुठे दिसतात ते दाखवणारं गूगलचं साधन, उघडा. खरेदीच्या प्रश्नांवर पानं विसाव्या क्रमांकाच्या आत दिसत असतील तर पुढचे वीस लेख लिहा. दिसणं वाढतंय, क्लिक येताहेत, पण लिंकवर कुणी जात नसेल तर वस्तू बदला, विषय तोच ठेवा.