जखमी वळू: ठेवायचा की काढायचा?

वळू लंगडायला लागला की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टरसाहेब, पैदाशीला ठेवू का काढू?" पदवी घेऊन मराठवाड्यात नव्यानं काम सुरू करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: त्या दिवशी या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. आधी वळू गाईंपासून लांब, कोरड्या जागी बांधायला लावा आणि त्याचं दुखणं कमी करा. त्यासाठी मेलॉक्सिकॅम वापरा. डायक्लोफिनॅक २००६ पासून आणि केटोप्रोफेन २०२३ पासून जनावरांसाठी बंद आहे, कारण ती दिलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडं मरतात.

मग इजा नेमकी कुठं आहे ते बघा. शिंग मोडलं, पुढच्या खुरात काटा गेला, तर काळजीचं फारसं कारण नसतं. मागचा पाय मात्र वेगळा विषय आहे. गाईवर उडी घेताना वळूचं सगळं वजन मागच्या दोन पायांवर येतं. पावसाळ्यात काळ्या रानात घसरून खुब्याला किंवा मागच्या गुडघ्याला मार बसलेला वळू महिन्याभरात नीट चालूही लागतो, आणि मालक म्हणतो, झाला बरा. सपाट जागेवरची चाल बघून फसू नका. पुरेशी विश्रांती झाल्यावर माजावरच्या गाईजवळ त्याला न्या आणि लांब उभं राहून बघा. हुंगतो, अंगावर येतो, पण अर्ध्यात खाली उतरतो, असं वारंवार दिसलं तर इच्छा आहे, पाय साथ देत नाहीत, हे समजा.

उडी घेतल्यानंतर अंडकोषाच्या पुढं अचानक सूज आली तर आत रक्त साकळलेलं असू शकतं. गळू समजून तिथं चीर देऊ नका. असा वळू दोन-तीन महिने गाईला दाखवायचा नाही.

अंडकोषाला मार बसला असेल तर खरा धीर लागतो. अंडाचं तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी राहावं लागतं. सूज आणि ताप आला की शुक्रजंतू बिघडतात. वळूत शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ६१ दिवस लागतात, वर बाहेर येईपर्यंत आठ-पंधरा दिवस. म्हणून पहिल्या आठवड्यातला वीर्याचा नमुना चांगला आला तरी तो मार लागण्याआधीचाच हिशेब सांगतो. सूज उतरल्यावर दोन-अडीच महिन्यांनी तपासा. निदान ३० टक्के शुक्रजंतू सरळ पुढं जाणारे आणि ७० टक्के आकारानं धड असावेत, हा रूढ निकष आहे. एक अंड कायमचं गेलं तरी दुसरं बऱ्याचदा काम भागवतं.

इथं एक सावधगिरी. "गाईनं लाथ मारली" असं मालक मनापासून सांगतो, पण तशीच सूज ब्रुसेलोसिस या संसर्गजन्य रोगानंही येते. हातमोजे घाला, रक्त तपासा. रोग निघाला तर पैदाशीचा विषय तिथंच संपतो; तो माणसालाही होतो.

सगळं ठीक निघालं तरी मागच्या पायांची ठेवण बघायला विसरू नका. आपल्याकडं देवणी जातीचा वळू निवडताना वानेरा, बालंक्या, शेवेरा या रंगांवर तासन्‌तास बोलणं होतं, पायांवर फार कमी. पाय खांबासारखे सरळ असतील आणि त्यामुळेच सांधा पुन्हा पुन्हा दुखावत असेल, तर तो दोष गोऱ्ह्यांत उतरू शकतो. देवणी काय, लाल कंधारी काय, त्यांचे गोऱ्हे उद्या औताला जुंपायचे असतात. असा वळू पूर्ण बरा झाला तरी मी पैदाशीतून काढायला सांगतो.

काढणं म्हणजे काय, हेही स्पष्ट बोला. मार्च २०१५ पासून राज्यात वळू-बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे. म्हणजे वाटा तीनच: पायात बळ असेल तर खच्ची करून बैल म्हणून वापरायचा, दावणीला सांभाळायचा, नाहीतर गोशाळेत द्यायचा. मोठ्या वळूला दिवसाला बारा-पंधरा किलो कोरडा चारा लागतो. ज्वारीच्या कडब्याचा वर्षाचा हिशेब मालकाच्या समोर बसून मांडा. दोष लपवून हाळी हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात उभा करू, असं कुणी म्हणालं तर स्पष्ट विरोध करा. घेणाऱ्याच्या गाई गाभण न राहता वर्षभर उलटत राहतात.

निर्णय सांगताना घरातल्या बायकांनाही बोलवा. वैरणपाणी बहुतेक त्याच करतात. वळू कधी बसला, कसा उठला, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणीच सांगत नाही.