हेडफोनसाठी ॲम्प्लिफायर घ्यावा की हेडफोनच बदलावा?

शिकवणीसाठी लातूरला खोली करून राहणाऱ्या माझ्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत विचारले, "मामा, दहा हजार साठले आहेत, ॲम्प्लिफायर घेऊ की नवा हेडफोन?" त्याचा हेडफोन ब्लूटूथचा होता, त्यामुळे उत्तर द्यायला वेळ लागला नाही. बिनतारी हेडफोनला लागणारा ॲम्प्लिफायर त्याच्या आतच बसवलेला असतो आणि ब्लूटूथवर ऐकताना बाहेरचा दुसरा मध्ये जोडता येत नाही. पैसे खर्चायचेच असतील तर अशा वेळी हेडफोनवरच खर्चावेत. तारेचा हेडफोन वापरणाऱ्याला मात्र हा प्रश्न इतक्या लवकर सोडवता येत नाही. त्याने आधी आपली तक्रार नेमकी ओळखावी आणि मग थोडा हिशोब करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ॲम्प्लिफायर हेडफोनला पुरेसे व्होल्ट आणि पुरेसा विद्युतप्रवाह पुरवतो. आवाजाचा पोत, म्हणजे खर्ज किती भरीव, गळा किती जवळचा आणि झांजेची किणकिण किती टोकदार, हे मुख्यतः हेडफोनमधील पडदा, त्याभोवतीची वाटी आणि कानावर टेकणारी गादी यांवर ठरते. मी स्वतः हा भेद उशिरा समजून घेतला. भजनाच्या ध्वनिमुद्रणात टाळ कानाला टोचतात म्हणून मी काही वर्षांपूर्वी ॲम्प्लिफायर आणला, आणि टाळ पूर्वीइतकेच टोचत राहिले, कारण त्या हेडफोनमध्ये वरच्या पट्टीचा आवाज मुळातच उचललेला होता. तो दोष कोणत्याही ॲम्प्लिफायरने गेला नसता.

म्हणून ओळखीचे ध्वनिमुद्रण लावून शांत खोलीत बसावे आणि काय खटकते ते कागदावर लिहावे. त्यासाठी पखवाज, टाळ आणि तंबोरा यांच्याइतकी चांगली परीक्षा मला दुसरी माहीत नाही. पखवाजाच्या कणीक लावलेल्या धुम्याचा घुमारा ऐकूच येत नसेल किंवा तो सगळ्या गाण्यावर पसरत असेल, टाळांचा आवाज कानात टोचत असेल, तंबोऱ्याची जवारी गुळगुळीत होऊन तिच्यातील वेगवेगळे स्वर मिसळून जात असतील, तर या तिन्ही तक्रारी हेडफोनच्या आहेत. याउलट आवाज शेवटपर्यंत वाढवूनही विलंबित ख्यालाची सुरुवात ऐकण्यासाठी कान टवकारावे लागत असतील, किंवा मध्यम आवाजात स्वच्छ असणारा पखवाज आवाज वाढवताच फाटू लागत असेल, तर ॲम्प्लिफायरचा विचार करण्यास खरे कारण आहे.

आता हिशोब. हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे पाहावेत : इम्पिडन्स, म्हणजे हेडफोनचा विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, जो ओहममध्ये देतात, आणि संवेदनशीलता, म्हणजे ठराविक विजेवर तो किती मोठा वाजतो, जी डेसिबलमध्ये देतात. संवेदनशीलता एका मिलिवॅटला दिली आहे की एका व्होल्टला, हे नीट वाचावे, कारण दोन्ही आकडे सारखे दिसत असले तरी त्यांचा अर्थ निराळा आहे. मिलिवॅटचा आकडा असेल तर त्याचे रूपांतर व्होल्टच्या आकड्यात करावे. १००० ला ओहमने भागून येणाऱ्या संख्येचा लॉगॅरिदम दहाने गुणावा आणि तो मूळ आकड्यात मिळवावा. ज्यांना लॉगॅरिदम नकोसा वाटतो त्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे : १६ ओहमला १८, ३२ ला १५, ८० ला ११, २५० ला ६ आणि ३०० ला ५ डेसिबल मिळवावेत.

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो आणि त्याची संवेदनशीलता ९६ डेसिबल प्रति मिलिवॅट धरली जाते. एका व्होल्टवर ३२ ओहमचा प्रकार सुमारे १११ डेसिबलपर्यंत जाईल, तर २५० ओहमचा १०२ वर थांबेल. नाव एक, रूप एक, पण पहिल्याला एक व्होल्ट देणारा फोन पुरतो आणि दुसरा काठावर राहतो. किती डेसिबल पुरेसे मानावेत, याचे माझे माप असे आहे : सरासरी ७५ डेसिबलला गाणे सुखाने ऐकता येते, चांगल्या मुद्रणात समेवरचा आघात त्याहून २० डेसिबल वर जाऊ शकतो, आणि हळू आवाजात मुद्रित झालेल्या जुन्या मैफलींसाठी आणखी १० हाताशी असावेत. म्हणजे क्षणिक आघातांसाठी १०५ डेसिबलची क्षमता असली की झाले. ही क्षमता केवळ राखीव समजावी, सलग ऐकण्याची पातळी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे, आणि कान एकदा गेले की ते कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

केवळ ओहम पाहून निर्णय घेणारे बहुतेक जण एका ठिकाणी फसतात, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा हेडफोन एका व्होल्टवर ९७ डेसिबल देतो, म्हणून १०५ गाठण्यासाठी त्याला सुमारे २.५ व्होल्ट लागतात, पण प्रवाह जेमतेम ८ मिलिॲम्पिअर लागतो. हायफायमॅनचा एचई-६ हा केवळ ५० ओहमचा. ओहम पाहणारा म्हणेल, हा तर फोनवरही चालेल. परंतु त्याची संवेदनशीलता ८३.५ डेसिबल प्रति मिलिवॅट आहे, त्यामुळे १०५ साठी त्याला सुमारे २.७ व्होल्ट आणि जवळपास ५३ मिलिॲम्पिअर प्रवाह लागतो. दोघांची व्होल्टची गरज जवळजवळ सारखी, पण प्रवाहाची गरज सहापटीहून अधिक. ज्यांच्याकडे अशा चपट्या चुंबकीय पडद्याचा (प्लेनर मॅग्नेटिक), कमी संवेदनशीलतेचा हेडफोन आहे, त्यांनी ॲम्प्लिफायर निःसंकोच घ्यावा.

आपला फोन किंवा लॅपटॉप किती व्होल्ट देतो, हे घरी मोजता येते. १०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर लावावा, दोन तोंडांच्या जोडणीने हेडफोन लावलेला ठेवून दुसऱ्या तोंडावर मल्टिमीटरच्या एसी व्होल्टवर मोजावे. या वेळी हेडफोन डोक्यावर मुळीच नसावा. वायरमनकडे असणाऱ्या स्वस्त मल्टिमीटरवर एसीची सर्वांत लहान पट्टी बहुधा २०० व्होल्टची असते आणि तीवर एवढे लहान आकडे नीट कळत नाहीत. २ व्होल्टची पट्टी असलेला मीटर कुणाकडून तरी मागून आणावा. वाचन अर्धा व्होल्ट आले तर एका व्होल्टच्या आकड्यातून ६ डेसिबल वजा करावेत, दोन व्होल्ट आले तर ६ मिळवावेत. फोनच्या चार्जिंगच्या तोंडाला तारेचा हेडफोन जोडणारी ॲपलची टाइप-सीची छोटी जोडतार सुमारे एक व्होल्ट देते, मात्र युरोपात विकली जाणारी तार याच्या निम्मेच देते आणि काही अँड्रॉइड फोनांवर तिचा आवाज पूर्ण वाढत नाही. मोजल्यावर कमतरता ५-६ डेसिबलच निघाली, तर मोठा ॲम्प्लिफायर आणण्याऐवजी दोन व्होल्ट देणारी अशी जोडतार शोधावी.

जुन्या घरातील डेक किंवा म्युझिक सिस्टिमच्या हेडफोन खोबणीला हेडफोन जोडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्या खोबणीचा स्वतःचा इम्पिडन्स अनेकदा शंभर ओहमच्या घरात असतो, आणि तो हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून अधिक असला की काही हेडफोनांचा खर्ज फुगतो आणि सैल होतो. ३२ ओहमच्या हेडफोनसाठी ४ ओहमपेक्षा कमी इम्पिडन्स असलेली खोबणी हवी. येथेही ॲम्प्लिफायरची मदत खरोखर होते.

कुणाचा ॲम्प्लिफायर उसना आणून तुलना करणार असाल, तर फोन आणि ॲम्प्लिफायर या दोन्ही बाजूंचा आवाज मीटरने सारखा करून घ्यावा. एखादा डेसिबल जास्त असलेली बाजूही कानाला अधिक मोकळी आणि अधिक स्पष्ट वाटते, आणि पुष्कळदा आपण त्या एका डेसिबललाच ॲम्प्लिफायरचा गुण समजून पैसे मोजतो.

हिशोबात फोन पुरेसा ठरला, तर पैसे हेडफोनसाठी ठेवावेत, परंतु तत्पूर्वी गाद्या पाहाव्यात. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा आणि घाम यांनी कृत्रिम चामड्याची गादी दोन-तीन वर्षांत सोलून निघते, कानाभोवतीची बंदिस्ती सुटते आणि खर्ज पातळ होतो. नव्या गाद्या घातल्यावर तोच हेडफोन पुन्हा भरीव वाजताना मी ऐकला आहे. त्याचप्रमाणे इक्वलायझरने, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करण्याच्या सोयीने, टोचणारी पट्टी ३-४ डेसिबल खाली आणून पाहावी. मात्र खर्ज ६ डेसिबल वाढवला की आवाज फाटू नये म्हणून एकूण पातळी तेवढीच उतरवावी लागते, हे हिशोबात धरावे.

नवा हेडफोन निवडताना परभणी-नांदेडकडच्या खोलीचा विचार करावा. मागून उघडा असलेला हेडफोन मोकळा वाजतो आणि कानही कमी तापतात, परंतु एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे गेल्यावर शेजारी कूलर चालू असेल, तर त्याची घरघर सरळ कानात येते आणि तंबोरा तिच्याखाली दबतो. बंद वाटीचा हेडफोन ही घरघर काही प्रमाणात अडवतो, पण त्यात अर्ध्या तासात कान घामेजतात. मी स्वतः उघडाच हेडफोन वापरतो आणि उन्हाळ्यात पहाटे, कूलर बंद असताना ऐकतो. वसतिगृहात इतरांसोबत राहणाऱ्याने बंद वाटीचा घ्यावा, म्हणजे शेजारच्याची झोप मोडत नाही. भाच्याने तोच घेतला, ३२ ओहमचा.

आणि हिशोबाने ॲम्प्लिफायरच सांगितला, तर विजेचा विचार आधी करावा. भारनियमनात स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखा जसा गुरगुरतो, तसाच काही ॲम्प्लिफायरमधून गुणगुणाट ऐकू येतो. घरी असा इन्व्हर्टर असेल तर फोनवर चालणारा किंवा बॅटरीचा ॲम्प्लिफायर अधिक सोयीचा ठरतो. टेबलावरचा ॲम्प्लिफायर घेतल्यास पहिल्याच दिवशी गाणे न लावता आवाज हळूहळू पूर्ण वाढवून ऐकावे. घुमणारा आवाज आला तर लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढून पाहावी. घुमणे तत्क्षणी थांबले, तर दोष दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये तयार झालेल्या वेढ्याचा आहे आणि दोन्ही एकाच बोर्डावर लावल्याने तो बहुधा कमी होतो. चार्जर काढूनही घुमणे तसेच राहिले, तर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी तो ॲम्प्लिफायर परत पाठवावा.