अब्जाधीश नायक लिहायला घेण्याआधी

प्रेमकथेत अब्जाधीश नायक आणायचा, तर पहिल्यांदा हिशेब करा. मराठीत अब्ज म्हणजे 100 कोटी. मलबार हिलला समुद्रासमोर एखादा मोठा फ्लॅट घेतला तर तेवढ्यातच खेळ आटोपू शकतो, विमानाचं नावच नको. इंग्रजी कादंबऱ्यांतला बिलियनेअर डॉलरमधला, म्हणजे आठ हजार कोटींच्या वरचा. आपल्याकडे खुलतो तो चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा दीडदोनशे कोटींचा माणूस. त्याच्यामागे बँक असते, चुलतभावाबरोबरची वाटणी असते. काचेच्या केबिनमधून शहराकडे बघत उभं राहायला त्याला वेळ नसतो.

वाचक गाडी-बंगल्यासाठी येतात असं समजू नका. भुरळ पडते ती काळजी मिटण्याची. वडिलांच्या बायपाससाठी नायिका बांगड्या मोडायला निघालीय आणि काउंटरवरची बाई म्हणते, "बिल भरलंय." या दोन शब्दांपुढे दहा पानांचं झुंबरवर्णन फिकं.

पण फसगतही इथेच होते. तिसऱ्या भागात त्याने बिल भरलं आणि दहाव्यात ती प्रेमात पडली, तर ते प्रेम की उपकाराची परतफेड, हे कळत नाही. म्हणून तिला पैसे फेडू द्या. दरमहा दोन हजार, यूपीआयवर, शेरा: 'हप्ता 4'. तो चिडेल, तिला समजावेल. पण हप्ता चुकणार नाही. तुमचे सगळ्यात चांगले संवाद इथेच सापडतील.

सहा महिन्यांचं करारलग्न लिहीत असाल तर कायदा आडवा येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 14 प्रमाणे, अपवादात्मक परिस्थिती सोडली तर, लग्नाला वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. परस्परसंमतीने घ्यायचा तर त्याआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. कथेला ही अडचण पथ्यावरच पडते. करार संपला, दोघं मोकळे झाले असं समजून वकिलाकडे गेले आणि तिथे त्यांना कळलं की सुटका नाही!

मालक आणि सेक्रेटरी ही जोडी जपून वापरा. दहा किंवा जास्त माणसांच्या कंपनीत, कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने, तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, हे बऱ्याच वाचकांना ऑफिसातल्या फलकावरून ठाऊक असतं. नायिकेला आधी दुसरीकडे नोकरी मिळू द्या, चुंबन नंतर. आणि ती नोकरी त्याच्या ओळखीने नको.

तो तिचा फोन तपासतो, तिच्या मागे माणूस ठेवतो, न विचारता तिचं घर बदलतो, असे प्रसंग आले की तेच पान बावीस हजार पगाराच्या, चाळीत राहणाऱ्या मुलाच्या नावावर पुन्हा लिहून पाहा. आता नायिकेने पोलिसांत जावं असं वाटलं, तर पान फाडा. 'त्याचं बालपण फार दुःखात गेलं' हा खुलासा पुढच्या भागात जोडू नका. तो बहुतेकांनी वाचून झालाय.