तळमजल्यात पावसाचं पाणी, विमा कंपनी म्हणे ‘गळती’: माझा अनुभव

सायनला तळमजल्यावर राहतो. जुलैत गुडघाभर पाणी शिरलं, फ्रिज-कपाट गेलं. दावा नामंजूर: ‘भिंतीतली गळती, जुनी झीज’. एजंटला फोन, कॉल सेंटर, सगळं फुकट, डोकं फिरलं.

मग पॉलिसीच वाचली. ‘भारत गृह रक्षा’ या घरविम्याच्या पॉलिसीत पूर, वादळ, पाणी तुंबणं मुळातच धरलेलं असतं. इमारतीचा विमा असेल तर सामानालाही विमारकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण.

आधी भिंतीवरच्या चिखलाच्या रेषेचे मोजायची टेप लावून फोटो काढले (रंगारी थांबवला, नशीब!). त्या दिवसाची सांताक्रूझ वेधशाळेची पावसाची नोंद आणि सोसायटीचं पत्र जोडलं. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला, मग ‘बिमा भरोसा’ या विमा नियामकाच्या (IRDAI) तक्रार पोर्टलवर तक्रार. सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) पुन्हा आला, रेष पाहिली; दावा मंजूर.