कलेसाठी अनुदान मिळवायचे तर: बदल अर्जापासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

अनुदानाची जाहिरात आली की गावोगावच्या मंडळांत एकच धावपळ उडते. सचिव कपाट उपसतात, खजिनदार सीएला फोन लावतात आणि शेवटच्या रात्री अर्ज कसाबसा अपलोड होतो. खरे तर जाहिरात यायच्या कितीतरी आधी निम्मे काम होऊन गेलेले असावे. हे काम कलेचे नसून कागदाचे आहे, म्हणून कोणालाच नको असते.

पहिली पायरी: परिशिष्ट एकचा उतारा काढा

महाराष्ट्रातली सांस्कृतिक संस्था बहुधा दोन कायद्यांखाली नोंदलेली असते: 1860 चा सोसायट्या नोंदणी अधिनियम आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम. दोन्ही प्रमाणपत्रे फ्रेम करून भिंतीवर टांगलेली असतात, त्यांची चिंता नसते. अडते ते परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर, म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांची नावे असलेल्या सरकारी नोंदीच्या नकलेवर. धर्मादाय कार्यालयातून तो ताजा काढून घ्या आणि त्यावरची नावे एकेक करून वाचा. अनेक जुन्या मंडळांत निवडणुका वेळच्या वेळी झालेल्या असतात, इतिवृत्तही लिहिलेले असते, पण नवी नावे धर्मादाय कार्यालयाला कळवणारा बदल अर्ज दाखल करायचा राहून जातो. मग उताऱ्यावर कधीच वारलेले अध्यक्ष अजून अध्यक्षच असतात. हा अर्ज बदल झाल्यापासून 90 दिवसांत द्यायचा असतो. उशीर झाला असेल तर विलंब माफीची विनंती जोडून आजच द्या, कारण तो मंजूर व्हायला वेळ लागतो. अनुदानाच्या अर्जावर सही करणाऱ्याचे नाव उताऱ्यावर नसले, तर नाटक कितीही चांगले असो, फाइल पुढे सरकत नाही.

त्याच बैठकीत आणखी चार गोष्टी तपासा. संस्थेचे पॅन कार्ड, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि बँक खात्यावरचे नाव. शेवटच्या गोष्टीला हसू नका. प्रमाणपत्रावर ‘नाट्यमंडळ’ आणि पासबुकावर ‘नाट्य मंडळी’ असे असेल तर पैसे अडकू शकतात.

दुसरी पायरी: आपल्या मापाची योजना निवडा

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या ‘कला संस्कृती विकास योजने’त बऱ्याच उपयोजना आहेत. छोट्या संस्थेला सर्वांत सोयीची म्हणजे सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मितीसाठीचे साहाय्य. महोत्सव, कार्यशाळा, चर्चासत्र, प्रदर्शन, नाटक किंवा नृत्याची निर्मिती हे सगळे त्यात बसते. कमाल मर्यादा सहसा 5 लाख रुपये. गुरू-शिष्य परंपरेची योजना वेगळी. तिच्यात गुरूला महिना 15,000 आणि शिष्यांना वयानुसार 2,000 ते 10,000 रुपये मिळतात. ज्यांच्याकडे रोजची तालीम खरोखर चालते त्यांनीच तिच्या वाटेला जावे. वर्षातून एकदा गणपतीत नाटक बसवणाऱ्या मंडळाने तिच्यासाठी अर्ज करणे म्हणजे नसती उठाठेव.

राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी अशा कलांसाठी योजना आणि प्रशिक्षण शिबिरे राबवते. आमदार-खासदार निधीतून कार्यक्रमाला पैसे मागायला जाऊ नका. तो निधी टिकाऊ कामांसाठी असतो. रंगमंच बांधायचा असेल तर गोष्ट निराळी. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामांसाठी काढून ठेवायच्या निधीत, कला आणि संस्कृती हा विषय कायद्यानेच आहे, पण त्यासाठी संस्थेची आयकर खात्याकडे करसवलतीची 12अ व 80ग नोंदणी आणि कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-1 नोंदणी हवी.

तिसरी पायरी: प्रस्ताव आणि अंदाजपत्रक

समजा, कुडाळ तालुक्यातल्या एका दशावतारी मंडळाला नव्या मुलांसाठी निवासी शिबिर घ्यायचे आहे. प्रस्तावात बहुतेक जण ‘आपल्या समृद्ध वारशाचे जतन’ या छापाची दोन पाने लिहितात. ती वाचून समितीला काहीही कळत नाही. त्याऐवजी शिबिरात काय होणार ते लिहा: किती मुले, कोणत्या वयाची, आडदशावतार (खेळाचा सुरुवातीचा पारंपरिक भाग) कोण शिकवणार, पायपेटी आणि मृदंगाची साथ कोणाची, शेवटच्या रात्री कोणते आख्यान आणि कुठल्या देवळात. दशावतारातले संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. त्यामुळे कोणी संहिता मागितली तर आख्यानाचा कथाभाग, प्रवेशांचा क्रम आणि पात्रे दोन पानांत मांडा आणि संवाद उत्स्फूर्त असतात हे स्पष्ट सांगा. सोबत जुन्या प्रयोगांची पत्रके, कात्रणे, राज्य नाट्य स्पर्धेची प्रमाणपत्रे असे जे असेल ते तारखेनुसार लावा.

अंदाजपत्रकात ‘इतर खर्च: 40,000’ अशी ओळ दिसली की ती कापली जाणार हे धरून चाला. ‘पायपेटीवादक, 5 दिवस, दररोज 2,000, एकूण 10,000’ असे लिहिले की कापायला कारण उरत नाही.

आता पैशाचे गणित. शिबिराचा एकूण खर्च 2 लाख धरू. सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मितीच्या केंद्रीय योजनेत अनुदान मंजूर खर्चाच्या पाऊण भागापर्यंत मिळते आणि तेही पाऊण-पाव अशा दोन हप्त्यांत. त्या वर्षीच्या नियमावलीत टक्केवारी बघून घ्या. म्हणजे अनुदान 1,50,000. पहिला हप्ता 1,12,500. उरलेले 37,500 हिशेब दिल्यावर. आपला वाटा 50,000. थोडक्यात, शिबिर पार पडेपर्यंत 87,500 रुपये तुमच्या खिशात हवेत, आणि पहिला हप्ताही तारखेबरहुकूम येईलच असे नाही. हे पैसे व्याजाने काढायची वेळ येणार असेल तर शिबिर लहान करा.

एकट्या कलावंताने काय करावे

18 ते 25 वयाच्या कलावंतांना केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे: दोन वर्षे, महिना 5,000 रुपये. त्यासाठी गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिक्षण झाल्याचे प्रमाणपत्र लागते. 25 ते 40 वयासाठी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती महिना 10,000 आणि त्यापुढच्या वयाला ज्येष्ठ अधिछात्रवृत्ती महिना 20,000, दोन्ही दोन वर्षांच्या. हे पैसे दरमहा न येता सहामाही हप्त्यांनी येतात, म्हणून त्यावर घरभाडे ठरवू नका. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही स्वतंत्र संस्था संशोधनाला आणि नव्या प्रयोगांना अनुदान देते. तिथे प्रस्ताव मराठीतही लिहिता येतो, हे फार कमी जणांना माहीत असते.

वृद्ध कलावंतांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. वय 50 च्या पुढे, वार्षिक उत्पन्न 60,000 च्या आत आणि कलेतली किमान 15 वर्षे. 2024 पासून सरसकट महिना 5,000 रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. कलेचा पुरावा जमवणे मात्र अवघड, कारण फडावर आयुष्य काढलेल्या माणसाने कात्रणे कुठे जपलेली असणार? घरातल्या तरुणाने हे काम अंगावर घ्यावे. ‘इतके टक्के द्या, मंजूर करून आणतो’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

पैसे आल्यावर

अनुदानाच्या खर्चाची वेगळी वही ठेवा. मृदंगवादकाला मानधन शक्यतो खात्यावरच द्या. रोख दिले तर पावतीवर नाव, तारीख, कामाचे स्वरूप आणि सही घ्या. निमंत्रणपत्रिकेवर आणि फलकावर अनुदान देणाऱ्याचे नाव छापा, फलक दिसेल असे फोटो काढा. शिबिर संपले की लगेच, मांडववाला आणि आचारी बिले द्यायला विसरण्याआधी, सगळे कागद सीएकडे पोचवा. केंद्राच्या अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला, जीएफआर 12-अ या सरकारी नमुन्यात लागते आणि सीएच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन हा पडताळणीचा क्रमांक असलाच पाहिजे. मागचे प्रमाणपत्र बाकी असेल तर पुढच्या वर्षीचा अर्ज विचारात घेतला जात नाही, आणि एका वर्षाची ही ढिलाई नंतर आलेल्या कार्यकारिणीला निस्तरत बसावी लागते.