वशिला नसलेल्या घरातून पहिल्या नोकरीपर्यंत

शेवटच्या सत्राची परीक्षा होण्याआधीच घरच्यांसोबत बसून, पगार नसताना आपण किती महिने तग धरू शकतो, याचा हिशोब मांडावा. सुस्थितीतील घरचा मुलगा चांगल्या जागेची वाट पाहू शकतो. वडोदऱ्यातील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत हेल्परचे काम करणाऱ्याच्या मुलीला मिळेल ते काम धरावे लागते, आणि गुण सारखे असूनही दोघांच्या वाटा बहुधा इथेच वेगळ्या होतात.

दुसरा फरक ओळखींचा. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिले, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना तिची खबर जिवलगांकडून नव्हे, तर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. म्हणून दोन वर्षे पुढे असलेले विद्यार्थी, वडिलांच्या कारखान्यातील स्टोअरकीपर, दांडिया बाजारातील गणेश मंडळाचे जुने कार्यकर्ते अशांची यादी करावी. त्यांच्याकडे नोकरी मागू नये. भरती कोणत्या महिन्यात होते आणि अर्ज नेमका कोणाकडे जातो, एवढेच विचारावे. याचे उत्तर द्यायला कोणाला अवघड वाटत नाही.

ज्यांना थांबणे परवडत नाही, त्यांनी अप्रेंटिसशिपचा, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचा, विचार आधी करावा. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, त्या वडोदऱ्यात पदवीधराने कारखान्यात शिकाऊ म्हणून जाण्यात कमीपणा मानावा, हे मला तरी पटत नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालील सध्याच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि त्यांना विद्यावेतनही द्यावे लागते. मात्र मुदत संपल्यावर कायम करण्याचे बंधन मालकावर सरसकट नसते. त्याबाबतचे धोरण त्याने स्वतः ठरवायचे असते. त्यामुळे सही करण्यापूर्वी करार सरकारी पोर्टलवर नोंदवला जाणार का, विद्यावेतन थेट बँक खात्यात येणार का आणि मागच्या तुकडीतील किती जणांना ठेवून घेतले, हे स्पष्ट विचारावे. ‘ट्रेनी’ म्हणून घेऊन करारच न करणाऱ्या ठिकाणी शिकण्यापेक्षा स्वस्त मजुरीच अधिक असते.

भाषेची तयारी थोडक्यात: घरी मराठी आणि बाजारात गुजराती बोलणाऱ्याने आपल्या प्रकल्पाची माहिती पाच मिनिटे इंग्रजीत मोठ्याने सांगण्याचा सराव मित्रासमोर करावा. कराराची प्रत आणि अखेरचे प्रमाणपत्र स्वतःजवळ ठेवावे, कारण पुढच्या अर्जात हेच अनुभवाचा पुरावा म्हणून दाखवता येतात.