पिस्तुलाची सेफ्टी: अंगठ्याला विचारून घ्या

लायसन्सचं पिस्तूल घ्यायला निघालेली माणसं मला दोनच गोष्टी विचारतात: किंमत काय आणि गोळी कुठली. गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेला सेफ्टीचा खटका कुठे आहे, हे कुणी विचारत नाही. फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून बावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी ९ मिलिमीटरच्या १ए पिस्तुलांची पोटं उघडण्यात गेली. माझं ऐका, आधी तो खटका बघा.

दुकानात पिस्तूल हातात आलं की पहिल्यांदा रिकामं करा. गोळ्या भरलेलं मॅगझिन काढा, स्लाईड (नळीवरचा सरकता भाग) मागे ओढून धरा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते तिथे) नजर घाला, मग बोटानेही चाचपा. इथे एक मेख आहे. कोल्ट १९११ आणि ब्राउनिंग हाय-पॉवर या घराण्यात (आपल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याचं १ए त्यातलंच) सेफ्टी लावलेली असली की स्लाईड हलतच नाही. म्हणजे रिकामं करायलाच सेफ्टी काढावी लागते. त्या क्षणी बोट चापाच्या कडीबाहेर आणि नळीचं तोंड वाळूच्या पेटीकडे. दुकानात पेटी नसेल तर निदान माणसांकडे नको.

आता नेम धरताना आवळाल तशी मूठ आवळा आणि डोळे मिटा. अंगठा आपसूक खटक्यावर पडला पाहिजे आणि मूठ न सोडता तो खाली दाबता आला पाहिजे. पकड सैल करून खटका शोधावा लागला तर ते पिस्तूल तुमचं नाही, कितीही देखणं असो.

माझ्या मते खटक्याची जागा फ्रेमवर (स्लाईडखालच्या स्थिर सांगाड्यावर), मुठीच्या वरच्या अंगाला मागे. वर केला की पिस्तूल बंद, खाली दाबला की मोकळं. अंगठा मिटताना खालीच वळतो, वर ढकलायला त्यात जोर नसतो. १९११ मध्ये हा खटका अमेरिकी घोडदळाच्या आग्रहाने आला. एका हातात लगाम असलेल्या स्वाराला दुसऱ्याच हाताने सगळं निभवायचं होतं. आपल्या १एवर जागा बरोबर आहे, पण खटका तुरीच्या डाळीएवढा. घामेजलेला अंगठा त्यावरून सरळ घसरतो.

आमच्याकडे एक डावखुरा जवान होता. खटका डाव्या बाजूला, त्याचा अंगठा उजव्या. बिचारा दर वेळी पकड मोडायचा. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंना खटका असलेलंच घ्यावं.

दुसरी जागा म्हणजे स्लाईडवर: वॉल्थर पीपी, बेरेटा ९२. यालाही अर्थ आहे. खटका लावला की घोडा (गोळीला ठोका देणारी मागची हातोडी) सुरक्षित खाली येतो, आणि सेफ्टी लावलेली असतानाच स्लाईड ओढून पिस्तूल रिकामं करता येतं. पण वरून पंजा टाकून स्लाईड ओढली की नकळत सेफ्टी लागते आणि ऐन वेळी चाप नुसताच हलतो. शिवाय काढायला अंगठा वर न्यावा लागतो. बेरेटाच्या पहिल्या ९२वर खटका फ्रेमवरच होता, नंतर तो स्लाईडवर गेला. त्याच धर्तीची पिस्तुलं बनवणाऱ्या ब्राझीलच्या टॉरसने मात्र फ्रेम सोडली नाही, आणि मला तेच पटतं.

दिशा तर बघाच बघा. वॉल्थरवर खटका खाली म्हणजे बंद. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या रशियन मकारोववर खाली म्हणजे मोकळं! काश्मीरात असताना जप्तीची हत्यारं रिकामी करायला माझ्याकडे यायची. त्यातल्या चिनी टोकारेव्ह पिस्तुलावर नवी पोरं सेफ्टी शोधत बसायची. ती मुळात नसतेच, घोडा अर्ध्यावर अडकवतात, बस. म्हणून परकं हत्यार हातात आलं की खटक्याकडे बघून निष्कर्ष काढायचा नाही, चेंबर बघायचा. घरात दोन पिस्तुलं असतील तर दोन्हींचे खटके एकाच जागी, एकाच दिशेने चालणारे ठेवा.

शेवटी होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायचं पिस्तुलाचं म्यान. रिकामं पिस्तूल त्यात घालून दिवसभर घरात वावरा, गाडीत बसा, वाका, जिना चढा. मग खटका जिथे लावला होता तिथेच आहे का बघा. दोन्ही बाजूंना खटका असला की बाहेरचा सीटबेल्टला, दाराला घासून हमखास उतरतो. तसं झालं तर होल्स्टर बदला. खटक्याला कानस लावू नका.